बीबीसाराचा सोळावा दिवस

माझी धाकटी जाऊ बीबीसारा आणि माझा दीर तिलेगेन गेल्या मे महिन्यात तंबू घेऊन समुद्रकाठाने फिरायला निघाले, आणि निघाल्या निघाल्या तिलेगेन बायकोला फाटकापाशीच विसरून गेला.

मी तिथे उभी होते, म्हणून सांगते. त्यांची जुनी निवा गाडी रस्त्यावर उभी, टपावर गाद्या बांधलेल्या, मागे पाण्याची पिंपं. तिलेगेनने हॉर्न वाजवला. बीबीसारा फाटकाबाहेर आली, खिडकीतून आत वाकून तिने त्याची टोपी सरळ केली, "जेवणाची आबाळ करू नका," म्हणाली, मागे सरली आणि हात हलवायला लागली. तिलेगेनने गिअर टाकला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत ही हात हलवत होती. मग तिने फाटकाला कडी घातली आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. मला वाटलं, तो काहीतरी आणायला गेला असेल. शेवटी त्यांची सून मेरुयेर्त म्हणाली, "आई, तुम्हीपण जाणार होतात ना?"

बीबीसारा चुलीपाशी मट्कन बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

तिकडे तिलेगेन हमरस्त्याच्या वळणापर्यंत पोचला होता. तेलविहिरींवर जाणारी बस तिथून सुटते. तिथे गाडी कडेला लावून, काच खाली करून, तो चक्क बसची वाट बघत बसला होता. किती वेळ बसला ते त्याने आजपर्यंत सांगितलेलं नाही. परत आला तो मान खाली घालून.

"पेट्रोल बघून आलो," म्हणाला.

"बायको बघायची राहिली वाटतं," मी म्हटलं.

"वहिनी, तुम्ही आत जा."

दिराची थट्टा करायचा हक्क मला लग्नापासून आहे, तो मी सोडत नाही. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला दोघांची कीव आली. बीबीसाराची पिशवी भरलेलीच नव्हती. तिने भरली होती ती त्याची पिशवी, लोकरीचे मोजे, दाढीचं सामान, सगळं पंधरा दिवसांचं. मेरुयेर्तने धावत जाऊन तिची शाल आणि दोन झगे कोंबले आणि मग हे जोडपं रवाना झालं.

तीसेक वर्षांची सवय होती हो. तिलेगेन उत्तरेला, बुझाचीच्या खाऱ्या रानात, तेलविहिरींवर पाण्याचा टँकर चालवायचा. पंधरा दिवस खेपेवर, पंधरा दिवस घरी. सोळाव्या दिवशी पहाटे पुन्हा बस. आमच्या जेतीबायमधली निम्मी घरं अशीच चालतात. बीबीसारा या घरात आली तेव्हा वीस वर्षांची होती. पावलं इतकी भरभर टाकायची की आमच्या सासूबाई म्हणायच्या, हिला आधी बांधून ठेवा, मग काम सांगा. गावच्या बेकरीत ती पावाच्या भट्टीवर होती, निवृत्त होईपर्यंत. शिवाय दारात दोन सांडण्या. त्यांच्या दुधाचं ती जे आंबट शुबात करते ते न्यायला अक्ताउ शहरातून माणसं येतात. तीन मुलांपैकी दोन झाली तेव्हा नवरा खेपेवर होता, तिसरं झालं तेव्हा बसमध्ये चढत होता. सासूबाई अंथरुणाला खिळल्या ती वर्षं तिने एकटीने काढली. अंगणाची भिंत पडली तर विटा स्वतः पाडून तिने ती उभी केली. मी शेजारी राहून सल्ले दिले.

तिच्या एका घरात दोन घरं होती. नवरा खेपेवर असला की सगळे स्वयंपाकघरात, चहा, पाव आणि जे काही पातेल्यात असेल ते. नवरा आला की मोठी खोली उघडायची, गालिच्यावर जेवणाचं धुतलेलं दस्तरखान, उकडलेलं मटण, नक्षीचे प्याले, आणि तिलेगेन दारासमोरच्या मानाच्या जागी, पाठीला उशी लावून. बघणाऱ्याला वाटावं, काय भाग्यवान माणूस आहे. मलाही तसंच वाटायचं.

आणि या दोघांचं भांडण कधी कुणी ऐकलं नाही. गावात त्यांचं उदाहरण द्यायचे. मला आतली गोष्ट ठाऊक होती. पहिले काही दिवस तो दमून आलेला म्हणून भांडायचं नाही, शेवटचे काही दिवस तो जाणार म्हणून भांडायचं नाही. मधे कधी ठिणगी पडलीच तर बीबीसारा म्हणायची, "आता जाऊन या, मग बघू." तो येईपर्यंत विषय शिळा झालेला असायचा. तो संपायचा मात्र नाही.

त्याच मे महिन्यात तिलेगेनची शेवटची खेप झाली. कंपनीवाल्यांनी खांद्यावर नक्षीचा झगा घालून, टाळ्या वाजवून त्याला निरोप दिला. घरी येऊन दहा दिवस झाले असतील नसतील तोच मुकादम झोल्दिबायचा फोन. टँकरला माणूस मिळत नाही, वर्षभर कंत्राटावर ये, सोमवारी बस आहे, रविवारपर्यंत काय ते कळव. मी तिथेच चहा पीत होते. तिलेगेनचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तो तोंड उघडणार एवढ्यात बीबीसाराने त्याच्या हातातून फोन घेतला. "रविवारी सांगतील," म्हणाली आणि बंद केला.

संध्याकाळी ती सांडणी पिळत असताना मी तिला गाठलं. सांडणी उभ्यानेच पिळतात, एका गुडघ्यावर बादली टेकवून, त्यामुळे तिला पळून जाता येत नव्हतं.

"तुला काय हवंय ते सांग. जाऊ दे की राहू दे?"

"राहावं असं वाटतं."

"मग सांग त्याला तसं."

"भीती वाटते, जाऊबाई. मी त्यांना सोळाव्या दिवशी कधी बघितलंच नाही. कसे असतात कोण जाणे. आणि मी कशी असेन, तेही मला माहीत नाही."

घरात बोलायची सोय नव्हती. मुलगा मक्सोत, सून, नातवंडं, आणि दिवसातून चारदा मी. तेव्हा तिला तो तंबू आठवला. अल्माटीला राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या लेकीने, रायखानने, दोन वर्षांपूर्वी पाठवला होता, नारिंगी रंगाचा, दोघांपुरता. बीबीसारा त्याच्यावर दह्याच्या गोळ्या वाळत घालायची. तिने तो झटकला, धुतला आणि नवऱ्याला म्हणाली, "रविवारपर्यंत समुद्राकाठी जाऊ. दोघंच. आल्यावर तुम्ही काय ते ठरवा." तिलेगेन हो म्हणाला. मला वाटतं, पंधरवडा कसा संपवायचा हा त्यालाही प्रश्नच पडला होता.

आमच्याकडे या वयाचं जोडपं घराबाहेर पडतं ते लग्नाला, मयताला, नाहीतर बेकेत-अताच्या दर्शनाला. दुकानदाराने विचारलं, "बेकेत-अताला का?" बीबीसारा नाही म्हणाली. "मग कोण वारलं?" त्याने विचारलं. सांडण्या माझ्या गळ्यात पडल्या, त्यातली थोरली लाथ मारते, पण तो विषय वेगळा.

पहिल्या संध्याकाळी ते कुरिक गावाच्या खाली एका उतारावर थांबले. समोर पाणी, मागे पांढरी दरड, माणूस नाही. तिलेगेनने तंबू पिशवीतून काढेपर्यंत मोटारसायकलचा आवाज आला. सागिंदिक नावाचा उंटवाला होता, उन्हाने रापलेला, साठीचा.

"कुठली माणसं?"

"जेतीबायची," तिलेगेन म्हणाला.

"गाडी बिघडली?"

"नाही."

"मग इथे काय करताय?"

"समुद्र बघायला आलोय," बीबीसारा म्हणाली.

सागिंदिकने वळून समुद्राकडे पाहिलं. तो होता तिथेच होता. "बघितलात ना? चला आता घरी."

तिलेगेनने पुष्कळ समजावलं की आमचं सगळं सामान आहे, जेवण आहे, आम्ही मुद्दाम बाहेर झोपायला आलोय. सागिंदिक गाडीवर बसल्या बसल्या ऐकून घेत होता. मग म्हणाला, "माझ्या दारातून तुझा तंबू दिसणार. दिसणार म्हणजे तू शेजारी झालास. शेजारी नवं बिऱ्हाड आलं की पहिलं जेवण आधीच्या माणसाने घालायचं, हे तुला मी शिकवू? तुझ्या बापाने तुला एरुलिक सांगितलं नाही?"

"अरे, एका रात्रीचं बिऱ्हाड आहे."

"मग घाई करायला हवी. बोकड कापायला सांगून आलोय."

झालं. एरुलिकला नाही म्हणणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर दार लावणं, ते आमच्यापैकी कुणालाच जमत नाही. रात्री तिलेगेन सागिंदिकच्या मोठ्या खोलीत मानाच्या जागी, समोर बोकडाचं डोकं, पाठीला उशी. बीबीसारा आत घरधनिणीबरोबर कणीक लाटत होती. नंतर बायका एकीकडे झोपल्या, पुरुष एकीकडे. तंबू पिशवीतच राहिला.

दुसरा मुक्काम साउराला. तो शुक्रवार होता, अक्ताउची मंडळी सहलीला आलेली. तंबू लागला, चहा झाला, बीबीसारा बोलायला तोंड उघडणार तोच पलीकडच्या चुलीपासून एकजण उठून आला. तिलेगेनबरोबर पूर्वी खेपेला असायचा. त्याने तंबूकडे पाहिलं, गाद्यांकडे पाहिलं, बीबीसाराच्या शालीकडे पाहिलं, मान हलवली, "कठीण आहे," एवढंच म्हणाला आणि जाऊन फोन करत बसला.

सूर्य मावळायच्या आत मक्सोत हजर. बायको, मुलं, सामोवार आणि गाडीच्या मागच्या डब्यात जिवंत मेंढा. पोराचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाबा, माझं काय चुकलं ते सांगा."

"तुझं काय चुकणार?"

"सहाजणांचे फोन आले. मक्सोतने म्हातारा-म्हातारीला घराबाहेर काढलं, ती समुद्रावर तंबूत राहतात. एकजण म्हणाला, मी तुझं लहानपण बघितलंय, तू असा नव्हतास."

"मग सांग त्यांना, आम्ही हौसेने आलोय," बीबीसारा म्हणाली.

"सांगितलं. कुणाला पटत नाही, आई. मलाही नीट पटलेलं नाही."

पोराची अब्रू राखायला मेंढा कापावा लागला. किनाऱ्यावरच्या सगळ्या चुलींना बोलावणं गेलं, सगळे जेवले, सगळ्यांनी तिलेगेनला मधे बसवलं, मक्सोतने सर्वांदेखत बापाच्या हातावर पाणी घातलं. मला सांडण्यांमुळे जाता आलं नाही, नाहीतर मीही गेले असते. तंबूत दोन नातवंडं झोपली आणि आजी-आजोबा गाडीत, बसल्या बसल्या. सकाळी बीबीसाराने मक्सोतला बाजूला घेतलं. "आता घरी जा. फोन आला तर घेऊ नकोस. आणि आमच्यामागे आलास तर बघ." तिचा असा आवाज त्याने लहानपणीही फारसा ऐकलेला नव्हता. तो मुकाट्याने गेला.

शनिवारी ते फोर्ट-शेवचेन्कोच्याही पुढे गेले, तुपकारागानच्या टोकाकडे. तिथे गवत नाही म्हणून उंट नाहीत, उंट नाहीत म्हणून माणसं नाहीत. नुसत्या चुनखडीच्या कडा, खाली शिंपल्यांची वाळू, आणि वारा. दुपार कलली होती. तिलेगेनने खुंट्या आणि हातोडी काढली. बीबीसाराने लगेच त्याच्या हातातून घेतली.

"बसा तुम्ही, दमला असाल."

"कशाने?"

"गाडी चालवून."

"गाडी चालवून मी दमत नाही. आण इकडे."

"अहो, वारा आहे. मी करते पटकन."

तिलेगेनने पिशवी वाळूत आपटली. "कर. तूच कर. भिंत तू बांध, सांडण्या तू पिळ, पोरं तू वाढव. मी बसतो. तीस वर्षं मी बसूनच आहे. टँकरमध्ये बसतो आणि घरी येऊन उशीला टेकून बसतो. 'बसा तुम्ही, दमला असाल.' दुसरं काही बोलता येतं का तुला माझ्याशी?"

असा तो कधी बोललेला नव्हता. बीबीसाराला वाटलं, आता आपण गप्प बसावं. पण हातात हातोडी होती आणि दोन दिवसांचं जागरण होतं.

"पाहुण्यासारखं राहायचं तुम्हीच निवडलंत," ती म्हणाली. "गावातल्या गाड्यांच्या डेपोत तुम्हाला नोकरी देत होते. रोज संध्याकाळी घरी. तुम्ही नको म्हणालात. मला सांगितलंतसुद्धा नाही."

तोवर पिशवीतून निसटलेला तंबू वाऱ्याने फुगून निघालाच होता. दोघं धावले आणि त्याच्या दोन टोकांवर बसले. उठलं की तंबू समुद्रात जाणार, त्यामुळे कुणालाच उठता येईना. मधे सगळं नारिंगी कापड फडफडतंय आणि हे दोघं दोन टोकांवरून एकमेकांवर ओरडतायत. हे चित्र दोघंही सांगतात, आणि दोघांचं जुळतं, म्हणून खरं मानते.

"डेपोचं तुला कुणी सांगितलं?"

"बेकरीत होते मी. डेपोच्या साहेबाची बायकोच पावाच्या रांगेत उभी होती. म्हणाली, तुझ्या नवऱ्याला घर आवडत नाही वाटतं. सगळ्या रांगेने ऐकलं."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"दुसऱ्या दिवशी तुमची बस होती."

मग तिलेगेनने जे सांगितलं ते त्याने तोपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. एकदा वादळ येणार म्हणून बस एक दिवस आधीच परत आली. तो मागच्या अंगणातून घरात शिरत होता. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला म्हणून खिडकीशी थांबला. आत चौघं जमिनीवर, मधे एकच पातेलं, त्यात पाव बुडवून खातायत. आणि लहानगी रायखान नक्कल करतेय. उशीला टेकून बसायचं, घसा खाकरायचा, प्याला दोन बोटांनी पुढे सारायचा.

"माझी नक्कल," तिलेगेन म्हणाला. "आणि तू पोट धरून हसत होतीस. तुला तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी दार उघडलं तशी सगळी उठली. तू दस्तरखान आणलंस. मुलांना म्हणालीस, हळू बोला, बाबा आलेत. पुढच्याच महिन्यात डेपोवाल्यांनी विचारलं. म्हटलं, हे घर मी नसताना चांगलं चालतं. रोज संध्याकाळी त्या दारातून आत यायचं आणि रोज ते हसणं बंद करायचं? त्यापेक्षा टँकर बरा."

बीबीसारा म्हणते, इतका राग तिला जन्मात आला नव्हता. तिने वाळूची मूठ भरून त्याच्या अंगावर फेकली. वाऱ्याने ती तिच्याच तोंडावर आली.

"मूर्ख माणसा," ती म्हणाली. "पोरांना हळू बोलायला सांगायचे, कारण पंधरा दिवस तू त्या इंजिनाच्या आवाजात काढून यायचास. तुला झोप मिळावी म्हणून. मटण करायचे, कारण तू पुन्हा जाणार. जाणाऱ्या माणसाला पातेल्यातलं शिळं खायला घालू? तू राहिला असतास तर मी तुला पावच दिला असता. लाथ मारून उठवलं असतं आणि भिंत बांधायला लावलं असतं. एवढी वर्षं मला वाटलं, मी तुला आवडत नाही. आणि तू खिडकीत उभं राहून काय ठरवलंस? एकदा विचारायचं तरी."

"कधी विचारणार? तू म्हणायचीस, जाऊन या, मग बघू."

"म्हणायचे. चुकलं माझं. आता बघ."

मग जे सुरू झालं ते अंधार पडला तरी थांबलं नाही. मधे कधीतरी तंबू लागला, एका बाजूने तिने, एका बाजूने त्याने, त्यामुळे छप्पर वाकडं. रात्री थकून झोपले, आणि रविवारी सकाळी डोळे उघडताच पुन्हा सुरू. आईच्या आजारपणात तू रजा का काढली नाहीस. मी लावलेलं एकुलतं एक झाड तू विटांचा ढीग रचायला तोडलंस. रायखानच्या शाळेच्या समारंभाला माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. माझा कोरा सदरा न विचारता तुझ्या भावाला दिलास. तो कोरा नव्हता, बाहीला भोक होतं. सुकवलेला मासा खाताना भांडले, वाळूत चालताना भांडले. मधेच एकदा दोघांनाही हसू आलं, ते आवरून पुन्हा भांडले. रविवारी दुपारी परत फिरायचं ठरलेलं होतं. तसं केलं तरच सोमवारी पहाटे बस मिळणार. उन्हं उतरली तरी कुणी सामान आवरायला हात लावला नाही. बीबीसाराने सूर्याकडे पाहिलं. या वेळी आठवण करून द्यायची नाही, असं तिने ठरवलं होतं. बस गाठायची असेल तर त्याने स्वतःच्या पायांनी उठावं.

तिलेगेन उठला. फोन घेऊन कड्यावर चढला, कारण खाली रेंज नव्हती. बीबीसारा मागोमाग गेली. ऐकू नये असं तिला वाटत होतं आणि पाय तर चालत होते. त्याच्या फोनचा आवाज इतका मोठा असतो की मुकादमाचं सगळं बोलणं बाहेर ऐकू येतं.

"बोल, तिलेगेन. उद्या येतोस ना? तुझ्यासाठी वळणावर थांबायला सांगू?"

"नको. मला जमणार नाही."

"का? तब्येत?"

"बायकोशी भांडण चाललंय."

झोल्दिबाय हसला. "मग बरंच आहे की. सगळ्यांचं तसंच असतं. पंधरा दिवस इकडे ये, परत जाशील तोवर ती विसरलेली असेल."

"तेच नकोय," तिलेगेन म्हणाला. "तिने विसरायला नकोय. तू दुसरा माणूस बघ."

फोन खिशात टाकून तो वळला तर बीबीसारा मागे उभी. ती उतारावरून पुढे निघाली आणि तो म्हणाला, "तर काय सांगत होतो, तो सदरा." बीबीसाराने त्याला सांगितलं की बाहीला भोक होतंच, आणि खाली पोचेपर्यंत तो नाही म्हणत राहिला.

सोमवारी तिला पहाटेच जाग आली. बसच्या दिवशी ती नेहमी त्या वेळी उठून शिदोरी बांधायची. हात आपोआप पिशवीकडे गेला, मग तिच्या लक्षात आलं. तिलेगेन शेजारी झोपला होता, तोंड उघडं, घोरत. सोळाव्या दिवशी उजेडात तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, डाव्या कानामागे एक मस होता, तो तिला माहीत नव्हता. तिला फार भीती वाटली, असं ती मला म्हणाली. यापुढे रोजच असं. कुठली बस नाही, आणि तिच्या एकटीचा म्हणून तो दुसरा पंधरवडा, चुलीपाशी बसून पाव बुडवायचा, तोही गेला. तो तिला आवडायचा, हेही तिला तेव्हाच कळलं. थोडं रडू आलं. ते तिने येऊ दिलं.

ऊन तंबूवर आलं तसा तिलेगेनने डोळे उघडले. इकडेतिकडे पाहिलं, कूस वळवली आणि म्हणाला, "चहा झाला का?"

बीबीसारा पांघरुणातून हलली नाही. "नाही," म्हणाली. "ऊठ आणि कर."

तो उठला. बाहेर बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता, दोनदा काहीतरी सांडलं, एकदा त्याने स्टोव्हला शिवी दिली. मग तो दोन प्याले घेऊन वाकून आत आला, मांडी घालून बसला आणि तिच्याकडे बघत राहिला.

चहा कसा होता म्हणून मी तिला विचारलं. आम्ही सांडण्यांपाशी उभ्या होतो, आणि पलीकडे तिलेगेन फाटकाची कडी ठोकत होता, वाकडी.

"घाण," ती म्हणाली. "डांबरासारखा. तीन प्याले प्यायले मी."